विचारल्याशिवाय नाही

धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मधली औषधांच्या खिडकीपाशी उभी राहून एका म्हाताऱ्याला डोळ्यांत घालायचे थेंब आणि कानात घालायचे थेंब यांतला फरक समजावत होती. धाकटीचा नवरा मुळातच अबोल. फोनवर तर त्याच्या तोंडून एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. पण त्या दुपारी तो एका दमात बोलला.

"रक्त जातंय. आठवाच महिना आहे. दुखत काही नाही, नुसतं जातंय. आणि ताई दारात उभी आहे. हलवू देत नाही."

मधलीने बाटल्या म्हाताऱ्याच्या हातात कोंबल्या, "लाल झाकणाची कानात," एवढं सांगितलं आणि ती पळत सुटली.

मधली हे काही तिचं नाव नव्हे. तीन बहिणींतली दुसरी म्हणून घरात ती मधली. पुढे हॉस्पिटलात दुभाषीची नोकरी लागली आणि अख्खी वस्तीच तिला मधली म्हणू लागली, कारण कामच तसं होतं. डोंगरावरच्या त्यांच्या वस्तीची बोली वेगळी आणि खाली शहरात चालणारी भाषा वेगळी. डॉक्टरांचं बोलणं बोलीत सांगायचं, पेशंटचं बोलणं डॉक्टरांना सांगायचं, आणि वस्तीच्या माणसाला कोणी रांगेत मागे सारलं तर कंबर कसून भांडायचं. शहरातले लोक वस्तीवाल्यांना 'वरचे' म्हणत. राहायला वरचे आणि रांगेत कायम खालचे, असं थोरली म्हणायची.

थोरलीने दोघींना वाढवलं होतं. धाकटीच्या जन्माच्या वेळीच आई गेली. धाकटी पायावर उभी राहीपर्यंत थोरलीने स्वतःच्या लग्नाचं नाव काढू दिलं नाही, आणि लग्न केलं तेही याच वस्तीतला नवरा बघून, म्हणजे बहिणी नजरेआड व्हायला नकोत. पहिल्या बाळंतपणाला ती खाली याच हॉस्पिटलात आली होती. पोटावर शस्त्रक्रिया करून मुलगी काढली. मुलगी धडधाकट निघाली. पण पुढे दुसरं मूल राहीना. म्हणून ती पुन्हा दाखवायला आली, तेव्हा एका डॉक्टरने, हवापाण्याची गोष्ट काढावी तसं सांगितलं, "राहणार कसं? तेव्हाच तुमच्या नळ्या बांधल्यात की."

कोणी सांगितलं होतं बांधायला? तर अंगठा होता. कळांनी जीव अर्धा झालेला असताना, न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर, कोणीतरी तिचा हात धरून अंगठा उठवून घेतला होता.

त्या दिवसापासून थोरलीने हॉस्पिटलच्या फाटकात पाऊल ठेवलं नव्हतं. मधलीने तिथे नोकरी धरली तेव्हा ती म्हणाली होती, "ज्यांनी माझी कूस बंद केली, त्यांच्या दाराची तू कडी झालीस." मधलीचं म्हणणं, आत आपलं कोणी असतं तर हे घडलंच नसतं. दोघीही आपापल्या जागी खऱ्या होत्या, आणि म्हणूनच दोघींत धड बोलणं उरलं नव्हतं.

अँब्युलन्सचा ड्रायव्हर माणूस वाईट नव्हता, पण वर जायचं म्हटलं की त्याच्या गाडीला हमखास काहीतरी व्हायचं. कधी ब्रेक, कधी बॅटरी. आजही त्याने बॉनेटकडे बघत मान हलवायला सुरुवात केली. मधली सरळ पुढच्या सीटवर चढून बसली.

"गाडीला काय झालंय ते वाटेत बघू. माझी बहीण आहे."

ड्रायव्हरने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने किल्ली फिरवली.

वर पोचेपर्यंत दारासमोर माणसं जमली होती. थोरली चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात टेकून उभी होती. तिच्या मागे, अर्ध्या अंधारात, जमिनीवरच्या गादीवर धाकटी पडलेली दिसत होती. तिचा नवरा उशाशी बसून तिच्या कपाळावरून हात फिरवत होता. कोपऱ्यात भिजलेल्या कपड्यांचा ढीग होता.

"ताई, बाजूला हो."

"का? तिचीही कूस बंद करून आणायचीय?"

"ती मरेल, ताई."

"इथे बायका बाळंत होत नाहीत? तू काय आकाशातून पडलीस? आईचं बाळंतपण मी याच वस्तीत बघितलंय."

"आई कशाने गेली तेही बघितलंस ना?"

हे बोलायला नको होतं. जमलेल्या माणसांतून कोणीतरी चुकचुकलं. थोरलीचा चेहरा दगडासारखा झाला. तिचे हात चौकटीवर आणखी घट्ट रोवले गेले. खाली रस्त्यावर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

मधलीला वाटलं, हिला उचलून बाजूला ठेवावं. वाटलं, पाया पडावं. आणि मग तिच्या लक्षात आलं की ती आल्यापासून थोरलीशीच भांडते आहे. जिच्या अंगातून रक्त चाललंय तिला अजून कोणीच काही विचारलेलं नाही. तीही नाही आणि थोरलीही नाही.

ती खाली वाकली आणि थोरलीच्या हाताखालून, लहानपणी शिवाशिवी खेळताना शिरायची तशी, आत शिरली. गादीपाशी गुडघे टेकले.

"सोने, माझ्याकडे बघ. तुला काय पाहिजे? ताईला काय पाहिजे ते नको सांगू, मला काय पाहिजे तेही नको. तुला?"

धाकटीचे ओठ पांढरे पडले होते. पण आवाज स्पष्ट होता.

"मला जगायचंय."

दारातून थोरलीने मान वळवली.

"आणि मला भीती वाटते," धाकटी म्हणाली. "माझ्या पोटाला मला विचारल्याशिवाय कोणी काही करायचं नाही. मला झोपवायचं नाही. आणि ताई माझ्यासोबत पाहिजे. बाहेर बाकड्यावर नाही, आत. जिथे कापतात तिथे."

"तिथे नातेवाइकांना सोडत नाहीत," असं मधलीच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"चालेल," ती म्हणाली. आपण काय कबूल करून बसलो हे तिला चांगलं ठाऊक होतं.

थोरलीने चौकट सोडली. धाकटीला गादीसकट उचलताना डोक्याकडची बाजू तिने धरली.

घाट उतरताना ड्रायव्हरने गाडी अशी हाकली की त्याच्या ब्रेकबद्दल मधलीने यापुढे कधी शंका घेतली नसती. मागे धाकटीचं डोकं थोरलीच्या मांडीवर होतं. धाकटीचे डोळे मिटायला लागले की थोरली तिच्या गालावर चापट मारायची आणि लहानपणी रागवायची तसं रागवायची, "झोपायचं नाही म्हणालीस ना? मग उघड डोळे!"

हॉस्पिटलात स्त्रीरोग विभागाच्या डॉक्टरीणबाई नव्याने बदलून आल्या होत्या. चाळिशीच्या, भरभर चालणाऱ्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी सोनोग्राफीचा पडदा पाहिला आणि त्यांचं बोलणं आणखी भरभर झालं.

"वार खाली आली आहे. बाळाच्या वाटेवरच आडवी पडली आहे. आपोआप बाळंत होणं शक्य नाही, रक्त जातच राहणार. आत्ता शस्त्रक्रिया करायची. रक्तपेढीला सांगा. सही घ्या."

मधलीने हे सगळं धाकटीला बोलीत सांगितलं. 'वार' सांगताना हाताची मूठ करून कुठे काय अडलंय ते दाखवलं. धाकटीने मान हलवली. कापायला ती तयार होती.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर संमतीचा कागद आणि शाईचा डबा घेऊन आल्या. शाईचा डबा बघताच थोरलीने धाकटीचा हात आपल्या दोन्ही हातांत लपवला.

"एक मिनिट," मधली म्हणाली आणि कागद मोठ्याने वाचू लागली. आधी शहराच्या भाषेत, मग बोलीत, ओळीमागून ओळ. मोठ्या सिस्टर पाय बदलत उभ्या राहिल्या. चौथ्या ओळीवर मधली थांबली. शस्त्रक्रियेदरम्यान डॉक्टरांना योग्य वाटतील त्या इतर सर्व प्रक्रिया करण्यास माझी संमती आहे, असं तिथे लिहिलं होतं.

"ही ओळ खोडा," ती म्हणाली.

"छापील कागद आहे तो," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "सगळ्यांना तोच."

"याच ओळीवर माझ्या बहिणीच्या नळ्या बांधल्या. हिच्या. ही समोर उभी आहे."

मोठ्या सिस्टरनी थोरलीकडे बघायचं टाळलं. डॉक्टरीणबाई हात धुवायला निघाल्या होत्या, त्या परत फिरल्या. रागावल्या होत्या, आणि त्यांचा राग खोटा नव्हता.

"हे बघ, नळ्यांना कोणी हात लावणार नाही. तसं लिहून देते. पण ओळ मी अशी खोडू शकत नाही. बाळ काढल्यावर रक्त थांबलं नाही तर मला गर्भपिशवी काढावी लागेल. तेव्हा मी काय करायचं? हात बांधून उभी राहू? तुझी बहीण माझ्यासमोर टेबलावर जाईल, आणि मग तुम्हीच विचाराल, का नाही काढली."

बाई खोटं बोलत नव्हत्या. मधलीला अशा वेळी समोर वाईट माणूस असला तर भांडायला सोपं जायचं.

"काय म्हणते ती?" थोरलीने विचारलं.

मधलीने सांगितलं. एक शब्द कमी केला नाही. गर्भपिशवीचं नाव ऐकून थोरलीने डोळे मिटले. मग धाकटीच बोलली, हळूहळू, श्वास घेत घेत.

"तिला सांग, जीव जात असेल तर काढ म्हणावं. पण आधी मला सांगून. मी जागी असेन. आणि ताई माझ्या उशाशी उभी असेल. ताईच्या डोळ्यांदेखत झालं तरच मी म्हणेन की खरंच गरज होती."

मधलीने ते शहराच्या भाषेत सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कागद ओढून घेतला, चौथी ओळ पेनाने खोडली आणि धाकटी म्हणाली ते जसंच्या तसं खाली स्वतःच्या हाताने लिहिलं. धाकटीने सही केली. तिला सही येत होती. शाईच्या डब्याची गरजच नव्हती, आणि हे तिला कोणी विचारलंही नव्हतं.

"पण थिएटरमध्ये नातेवाईक नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मॅडम, हा नियम माझा नाही. उद्या अधीक्षक साहेब मलाच धरतील. ही दुभाषी आत आली तर एकवेळ चालेल."

"मग मी नाही जात," मधली म्हणाली. "माझ्या जागी ताईला न्या. काय बोलताय ते तिला कळणार नाही, पण ती बघेल तरी. आणि मी आत आले नाही तर धाकटीला तुमचं बोलणं कळणार नाही. तुम्हीच ठरवा, कसं सांगून कापणार ते."

"धमकी देतेस?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हो," मधली म्हणाली. "मॅडम, मी शब्द दिलाय. नाहीतर ती आलीच नसती."

स्ट्रेचरवरून रक्ताचा थेंब फरशीवर पडला, मग दुसरा. डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला.

"दोघींना गाऊन द्या," त्या म्हणाल्या. "अधीक्षकांना मी बघते. चला."

थिएटर इतकं थंड होतं की थोरलीचे दात वाजू लागले. हिरव्या गाऊनमध्ये, टोपी आणि मास्कमध्ये तिचे नुसते डोळे दिसत होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी धाकटीच्या पाठीत इंजेक्शन दिलं. कमरेखालचं बधीर झालं, वरची धाकटी जागी राहिली. मध्ये एक कापडी पडदा बांधला. थोरली उशाशी, पडद्याच्या अलीकडे पण पलीकडचं दिसेल अशी उभी राहिली. मधली तिच्या शेजारी.

डॉक्टरीणबाई काय करताहेत ते सांगत होत्या. बहुधा अशी सवय त्यांना नव्हती. सुरुवातीला वर्गात धडा वाचणाऱ्या पोरीसारख्या अडखळल्या. "त्वचा उघडते आहे. आता पिशवीपर्यंत पोचले." मधली बोलीत सांगत होती. धाकटी छताकडे बघत ऐकत होती.

बाळ निघालं. मुलगा होता, इवलासा, निळसर. सिस्टरने त्याला उचलून नेलं. मग कोपऱ्यातल्या टेबलावरून मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला आणि धाकटीच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांत ओघळलं.

पण पडद्यापलीकडची घाई कमी झाली नाही. उलट वाढली. लाल झालेले कपडे एकामागून एक बादलीत पडत होते. डॉक्टरीणबाईंनी औषध मागितलं, मग दुसरं औषध, मग दोरा. रक्ताची दुसरी पिशवी लावली. भूल देणारे डॉक्टर आकडे सांगत होते, आणि दर वेळी आकडा आधीच्यापेक्षा खाली होता.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. मास्कच्या वरचे त्यांचे डोळे सरळ मधलीकडे वळले.

"थांबत नाही. टाके घातले, औषधं दिली, सगळं करून झालं. आता पिशवी काढावी लागेल, आणि त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागेल. विचार तिला. लवकर विचार, पण विचार."

मधलीने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडातून शब्दच फुटेना. इतकी वर्षं लोकांच्या मरणाच्या बातम्या तिने एका भाषेतून दुसरीत नेल्या होत्या. आता न्यायची होती फक्त चार वाक्यं.

थोरली पडद्यावरून पलीकडे बघत होती. तिने बादली पाहिली, डॉक्टरीणबाईंचे कोपरापर्यंत भिजलेले हात पाहिले. तिला शहराची भाषा येत नव्हती, पण तिला विचारायची गरज पडली नाही. ती धाकटीच्या कानाशी वाकली.

"बाळे, रक्त थांबत नाही. मी बघतेय. बाईने खूप केलं, मी डोळ्यांनी बघितलं. ती म्हणते आहे पिशवी काढायची. तसंच ना, मधले?"

"तसंच," मधली कशीबशी म्हणाली.

"पुन्हा मूल होणार नाही," थोरली म्हणाली. "मला माहीत आहे ते काय असतं. तरी सांगते, तू राहा. पण तुझ्या तोंडून येऊ दे. तू नाही म्हणालीस तर मी कोणाला हात लावू देणार नाही."

धाकटीने कोपऱ्यातल्या टेबलाकडे डोळे फिरवले. तिथून अजून तो बारीक आवाज येत होता.

"काढा," ती म्हणाली. मग शहराच्या भाषेत, तिला येत असलेल्या मोजक्या शब्दांत, स्वतः डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "हो. काढा."

मास्क तिच्या तोंडावर आला. थोरलीने तिचा हात शेवटपर्यंत सोडला नाही.

धाकटीचा नवरा बाहेर भिंतीला टेकून उभा होता. मधलीने त्याला सगळं सांगितलं; मुलगा, त्याला ठेवलेली काचेची पेटी, काढलेली पिशवी. त्याने ऐकून घेतलं.

"ती आहे?"

"आहे."

"मग झालं," तो म्हणाला.

धाकटीला नीट शुद्ध आली ती दुसऱ्या दिवशी. पोटावर हात ठेवून ती बराच वेळ रडली. तिला कोणी गप्प केलं नाही. मग तिने थोरलीला विचारलं, "मी हो म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस. मोठ्याने. दोन्ही भाषांत."

"मला आठवतंय," धाकटी म्हणाली. "आठवतंय ते बरं आहे." आणि पुन्हा रडली, पण आता वेगळं.

त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या. धाकटीला तपासून झाल्यावर त्या गेल्या नाहीत. खाटेशेजारचं स्टूल ओढून थोरलीसमोर बसल्या आणि मधलीला म्हणाल्या, "हिला विचार, हिच्या वेळी काय झालं होतं. सांगायचं असेल तरच."

थोरलीने त्यांच्याकडे बघितलं. मग बोलू लागली. कोणी हात धरला होता, त्या हातात कोणत्या रंगाची बांगडी होती, आपण काय ओरडत होतो आणि लोक का हसत होते. घरी गेल्यावर आपण रोज सकाळी उठून अंग जड झालंय का ते बघायचो. आपण बहिणीचं दुःख जाणतो असं मधली आजवर समजत होती. यातलं अर्धंही तिने कधी ऐकलं नव्हतं. कारण तिनेही कधी विचारलं नव्हतं.

"तक्रार करायची असेल तर मी साक्ष देईन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी तेव्हा इथे नव्हते. पण ती ओळ काय करू शकते, हे मी सांगू शकते."

थोरलीने विचार करायला वेळ घेतला नाही. तिने विचारलं ते एवढंच, "एकटीची करायची, की वस्तीतल्या सगळ्यांची?"

तेव्हा मधलीला कळलं की अशा आणखी बायका होत्या. काहींनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. थोरली घरोघर गेली. पहिल्यांदा दारं लागली, मग किलकिली झाली, मग एक बाई स्वतःच थोरलीच्या दारात येऊन बसली.

अधीक्षकांनी मधलीला बोलावून नियमभंगाबद्दल झापलं आणि तिची बदली नोंदणीच्या खिडकीवर केली. वरून आणलेला पहिलाच पेशंट वॉर्डात दोन तास कोणाला काही समजावू शकला नाही, तेव्हा तिला परत आणावं लागलं. संमतीच्या कागदावरची ती ओळ काढायला मात्र चौकशी समिती बसावी लागली, आणि समिती बसायला वस्तीतल्या बायकांना हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसावं लागलं. धाकटीही बसली होती, मुलाला पाजत.

समितीसमोर पहिली थोरली गेली. लांब टेबलापलीकडे पाच माणसं होती, प्रत्येकासमोर पाण्याचा ग्लास. मधली दुभाषी म्हणून तिच्या बाजूला उभी राहिली. थोरली बोलत सुटली. बोली समजणाऱ्याला ते लांब वाटलं नसतं, न समजणाऱ्यांना मात्र वाटलं असावं. मधल्या खुर्चीवरच्या अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हसून मधलीला म्हणाले, "ताई, सगळं नको. थोडक्यात काय म्हणते आहे ते सांगा."

"थोडक्यात नाही सांगणार," मधली म्हणाली. "ती जेवढं बोलली तेवढं सांगेन."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. काय चाललंय ते तिला कळलं असावं, कारण तिने टेबलाजवळची रिकामी खुर्ची मधलीकडे सरकवली.

"बस," ती म्हणाली. "वेळ लागेल."

मधली बसली, आणि पहिल्या शब्दापासून सांगू लागली.